चौथ्या सिलिंडरचा दिवा

अहो, तुमचं इंजिन अजून टीव्हीशेजारीच आहे. कालपर्यंत मी त्याला कुणाला हात लावू दिला नाही. आपल्या लेकानं, प्रसादनं धूळ पुसायला फडकं घेतलं तर त्याच्या अंगावर अशी ओरडले की बिचारा दचकून बाजूला झाला. बंगळुरूहून ते पाठवलं होतं त्यानंच. पण त्याच्या लेखी ते एक प्लॅस्टिकचं खेळणं. माझ्या लेखी ते तुम्ही हातानं केलेलं शेवटचं काम.

तेराव्याचं जेवण झालं, सतरंज्या परत गेल्या. माणसं सांत्वन करून गेली आणि जाताना प्रत्येकजण एकच प्रश्न उंबऱ्यात ठेवून गेला. तोंडानं कुणी विचारला नाही. पण माझ्याकडे बघता बघता नजर खाली जायची, त्यावरून मला कळायचं. भर सकाळी, लख्ख उजेडात, हायवेवर सरळ टेम्पोपुढे चालत गेलेला माणूस चुकून गेला की मुद्दाम गेला?

मी तुम्हाला सरळच विचारते. आपल्यात भांडणं होती, आडपडदा कधी नव्हता. तुम्ही कंटाळून गेलात का? मला टाकून गेलात का?

तो टेम्पोवाला घरी येऊन गेला. पवना धरणाकडचा, दोन लेकरांचा बाप, कोबी घेऊन मार्केटला निघाला होता. दारातच बसला, आत येईना. "मावशी, त्यांनी बघितलंच न्हाई. मी हॉर्न दिला तरी सरळ आले. ब्रेक मारलावता मी, देवाशप्पत." त्याला चार शिव्या द्यायच्या असं मी ठरवून बसले होते. तो चौकटीला डोकं टेकून बसलेला बघितला आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. हायवेवर हॉर्न काय, दिवसभर वाजतच असतात. कामशेतमधलं कुत्रंसुद्धा हॉर्न ऐकून मान वळवत नाही.

"बघितलंच न्हाई" हे त्याचं वाक्य मात्र घरात राहिलं, आणि ते आमच्या बाळूनं उचललं. माझा भाऊ तुम्हाला ठाऊक आहेच. लोहगडवाडीत ट्रेकवाल्यांना भजी-पिठलं घालतो, मनानं चांगला, पण तोंडाला झाकण नाही. दहाव्याला इंद्रायणीकाठी पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. लोक तासन् तास ताटकळतात, हात जोडतात, लेकरांना सांभाळू म्हणून शब्द देतात, तेव्हा कुठं कावळा खाली उतरतो. तुमचा मेला झाडावर वाटच बघत बसला होता. सगळ्यांना बरं वाटलं. बाळू म्हणाला, "बघ ताई, दाजींची कायबी इच्छा ऱ्हायली न्हवती. सुटले बिचारे. कंटाळले व्हते गं."

मला असा संताप आला! इच्छा राहिली नव्हती म्हणजे काय? मी नव्हते? त्या चौथ्या सिलिंडरच्या दिव्याचं आपलं भांडण अर्धं राहिलं होतं, ते मिटवायची इच्छा नव्हती?

"त्यांच्या हातात दुधाची पिशवी होती," मी बाळूला म्हणाले. "मरायला निघालेला माणूस दूध घेतो का रे?"

"माणसाचं मन हाय ताई. घेतलं तवा येगळं असंल, हायवेला येईस्तोवर फिरलं असंल."

त्याला तसं म्हणायला जागा तुम्हीच करून ठेवली होती. आषाढात झटका आला, उजवी बाजू गेली. पाय सुधारला, हात सुधारेना. रोज लोकलनं बेगडेवाडीला उतरून कंपनीत जाणारे तुम्ही, उभा जन्म डिझेल इंजिनं उघडण्यात आणि बसवण्यात गेला, आणि आता शर्टाची गुंडी लागत नव्हती. येईल त्याला म्हणायचात, "मला आता भंगारात काढा." पाहुणे हसायचे. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे, मला हसू यायचं नाही.

ती फिजिओची पोरगी, स्नेहल, म्हणाली होती की बोटांना बारीक काम द्या, मटकी निवडायला बसवा. तुम्ही डाव्या हातानं ताट भिरकावलंत. "इंजिनं उघडनारा मानूस मी. आता मटकी निवडू व्हय?" नंतर कितीतरी दिवस मला कपाटाखाली मटकी सापडत होती, एकदा तर मोड आलेली. ते ऐकून प्रसादनं गणपतीत इंजिनाचा खोका पाठवला. सुटे भाग जोडायचे आणि खरंच चालणारं इंजिन तयार करायचं. तुम्ही खोक्याकडे पाठ करून पडलात. "प्लॅस्टिकचं इंजिन! भातुकली हाय का?"

मग मीही हट्टाला पेटले. खोका फोडला, चित्रांचं पुस्तक मांडीवर घेतलं आणि एकटीच जोडायला बसले. तुम्ही कॉटवरून तिरक्या डोळ्यानं बघत होता. बराच वेळ दम धरलात, शेवटी राहवलं नाही. "अगं बाई, पिस्टन उलटा धरलायस. आन इकडं." खुर्ची ओढलीत. त्या दिवशी तुम्ही दवाखान्यातून खरे घरी आलात असं मला वाटलं.

मला ते इंजिन फार आवडलं होतं हो. सगळं आरपार दिसणारं. चार सिलिंडर, चार पिस्टन, खाली त्यांना वरखाली नाचवणारा क्रँक, बाजूला बॅटरीवर चालणारी बोटभर मोटर. ठिणगीच्या जागी बारीक तांबडे दिवे. पिस्टन वर आला की त्याच्या डोक्यावरचा दिवा चमकणार. डावा हात तुमचा, उजवा माझा, असे आपण दोघं मिळून एक माणूस व्हायचो. "दाब. लय न्हाई. आता सोड." स्क्रू घट्ट म्हणजे किती घट्ट, ते बोटाला कळतं, हे मला या वयात कळलं. इतकी वर्षं मी तुमचा डबा भरला, कपड्यांवरचं ग्रीस रॉकेलनं काढलं, पण तुम्ही दिवसभर तिथं नेमकं काय करता ते मला माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. ते सगळं त्या टेबलावर मला मिळालं. त्याबद्दल मी तुमच्या ऋणात आहे, हे तुम्ही असताना माझ्या तोंडून निघालं नसतं.

आणि खंडेनवमी! अर्धवट जोडलेलं इंजिन तुम्ही पाटावर मांडलंत. शेजारी पान्हे, स्क्रू ड्रायव्हर, माझी विळीसुद्धा. मी म्हटलं, अहो, खोटं इंजिन ते. तुम्ही म्हणालात, "चालतं ना? मग मशीनच हाय. आज त्याला कुंकू लागल्याबगर ऱ्हानार न्हाई." फुलानं पाणी शिंपडलंत, डाव्या हाताच्या चिमटीत कुंकू घेतलंत आणि वाहिलंत ते नेमकं दिव्यांच्या उघड्या भोकांतून आत. वर मुहूर्ताचं म्हणून मोटर चालू केलीत. आत कुंकवाचा चिखल, पिस्टन अडकला, मोटर कण्हायला लागली. मला वाटलं, आता इंजिन जाणार मटकीच्या वाटेनं. तर तुम्ही हसायला लागलात. "उभा जनम फिटर म्हनून काढला, आन इंजिन कुंकवानं जाम केलं!" झटक्यानंतरचं ते पहिलं हसू. तोंड एका बाजूला वाकडं व्हायचं, तरी किती छान दिसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आपण दोघं हसलो. सगळं पुन्हा उघडलं, पिस्टन दात घासायच्या ब्रशनं धुतले. पहिल्या सिलिंडरला अजून गुलाबी झाक आहे.

पुन्हा जोडताना वरचं झाकण तुम्ही स्वतःसाठी राखून ठेवलंत. "हे मी बसवनार. उजव्या हातानं. तू हात लावायचा न्हाई." भाऊबीजेला मी बाळूकडे गेले. जाताना तुमच्या सोयीसाठी खोक्याच्या झाकणात स्क्रूंचे दोन ढीग करून ठेवले, डाव्या ओळीचे डावीकडे, उजव्या ओळीचे उजवीकडे. संध्याकाळी परत आले तर इंजिन टीव्हीशेजारी मांडलेलं, आणि तुम्ही आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. गुंड्या कुणी लावल्या ते मी विचारलं नाही. "बस हितं," म्हणालात आणि बटण दाबलंत.

पिस्टन नाचायला लागले. एक दिवा, दुसरा, तिसरा. उजव्या टोकाचा चौथा लागेना.

"चौथा लागत नाही," मी म्हणाले.

"लागतोय की."

"अहो, नाही लागत. आणि खडखड वाजतंय काहीतरी."

"इंजिन हाय ते, वाजनारच. चारी लागत्यात. चष्म्याचा नंबर बदलून घे तुझ्या."

दोन दिवस आपण त्यावरून भांडलो. खरं सांगू? मला बरं वाटत होतं. आजारी माणसाशी कुणी भांडत नाही, त्याला हो ला हो करतात. माझा भांडकुदळ नवरा मला परत मिळाला, असं मला वाटत होतं. त्या सकाळी तुम्ही रोजच्यासारखे स्टेशनवर जायला निघालात. बाकावर बसून गाड्या बघायच्या, येताना दूध आणायचं, एवढंच तुमचं एकट्याचं असं काहीतरी उरलं होतं. मी आतून म्हटलं, "आल्यावर झाकण उघडू, चौथ्याची तार बघू."

"उघडायचं न्हाई. चांगलं चालतंय ते. माझं कायबी नीट झालेलं तुला बघवत न्हाई." चपला घातल्यात आणि गेलात.

तेच तुमचं शेवटचं बोलणं. तुम्ही सांगा, असं वाक्य कानात घेऊन बाईनं काय करायचं? बाळू म्हणतो कंटाळले होते, टेम्पोवाला म्हणतो बघितलंच नाही, आणि मला ऐकू येतं, तुला बघवत नाही. रोज मी तेच ऐकत झोपते आणि तेच ऐकत उठते. देवापुढे दिवा लावताना मी तुम्हाला शिव्याही दिल्या आहेत. जायचंच होतं तर आषाढात जायचं होतंत. मला पुन्हा संसाराला लावून कशाला गेलात?

काल प्रसाद रिकामा खोका घेऊन आला. मला बंगळुरूला न्यायचं त्याच्या मनात आहे. म्हणाला, "आई, इंजिनही घेऊ बरोबर, नीट गुंडाळू." मी म्हटलं, ठेव तो खोका, मी भरते. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा मी ते उचललं. उचलताच झाकण एका अंगानं वर आलं. मी ते फिरवून बघितलं.

डाव्या ओळीचे सगळे स्क्रू बसलेले होते. वाकडेतिकडे, एकाची तर खाच झिजलेली, पण घट्ट. ते तुमच्या उजव्या हाताचं काम, दिसतच होतं. उजव्या ओळीत एकही स्क्रू नव्हता. नुसती भोकं. चौथ्या दिव्याची तार भोकाशेजारी लोंबत होती. भाऊबीजेला स्क्रू ठेवले होते ते खोक्याचं झाकण आणून बघितलं तर डावा ढीग संपलेला, आणि उजवा ढीग मी ठेवला होता तसाच्या तसा.

मी जमिनीवर बसले. तुम्ही, म्हणजे परक्याच्या घरी पंख्याचा स्क्रू सैल दिसला तर भरल्या ताटावरून उठणारा माणूस! अर्धे स्क्रू टाकून काम झालं म्हणाल? इस्त्रीचा शर्ट घालून मला दाखवायला बसाल? तुम्ही आळस केला नव्हता, रागानंही टाकलं नव्हतं. तुम्हाला ती बाजू दिसलीच नव्हती.

स्नेहलला फोन केला. सगळं सांगितलं. तिनं उजव्या ओळीचं मला दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "काकू, डाव्या मेंदूला मार बसला की काही जणांना उजवीकडचं दिसत नाही. उजव्या डोळ्याचं नाही हं, दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं. मी विचारलं होतं काकांना. म्हणाले, सगळं दिसतं."

"म्हणजे लपवलं त्यांनी?"

"तसं सांगता येत नाही. कितीतरी जणांना स्वतःलाच कळत नाही, की आपल्याला दिसत नाहीये. जेवताना ताटाची एक बाजू तशीच ठेवायचे का?"

"हो," म्हणाले आणि फोन ठेवला. आपल्या ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. झटका आल्यापासून तुम्ही भाकरी चटणीशी खाऊन उठायचात. भाजी तशीच, आमटीची वाटी तशीच. मी म्हणायचे, माझ्या हाताची चव गेली का आता? तुम्ही म्हणायचात, "वाढलीस कुटं भाजी?" मला ते टोमणे वाटायचे. मीही मग दुप्पट टोमणे मारायचे.

आता मला एवढं सांगा, तुम्हाला ठाऊक होतं का? ठाऊक असून तुम्ही गप्प राहिलात, कारण मी तुमचं एकट्यानं स्टेशनवर जाणं बंद केलं असतं? केलंच असतं. दाराला कडी घातली असती, पदराला बांधून ठेवलं असतं, तुम्ही भांडला असतात, पण आज इथं असता. की तुम्हाला खरंच चार दिवे दिसत होते? तीन बघून चौथा असणारच, म्हणून मनानंच लावून घेतलात? दोन्हींतलं काहीही खरं असलं तरी मला ते आता कळणार नाही. कुणाला विचारू? इतकी वर्षं तुम्ही माझ्याशी मिठावरून भांडलात, पंख्याच्या वेगावरून भांडलात, आणि एवढी एक गोष्ट आपल्या दोघांच्या मध्ये टेबलावर पडून होती, ती तुम्हाला दिसली नाही आणि मला कळली नाही.

आज सकाळी प्रसादला घेऊन हायवेला गेले. दूधवाल्याच्या बाजूला, तुम्ही जिथं उभे असाल तिथं उभी राहिले. प्रसादला म्हटलं, माझा दंड घट्ट धर. आणि टांग्याच्या घोड्याला झापड बांधतात तसा उजवा पंजा नाकाला लावून आडवा धरला. समोर आपली गल्ली दिसत होती. टपरीवाला पानं पुसत होता. शाळेची रिक्षा उभी होती. डावीकडे लांबपर्यंत काही नव्हतं. हॉर्न वाजत होते, पण ते कुठून आणि कुणासाठी, ते काही कळत नव्हतं. मी पाय उचलला.

प्रसादनं मला मागं खेचलं. माझ्या पदराला वारा देऊन एस. टी. निघून गेली. "आई, वेडी झालीस का? समोरून आली ती!"

समोरून नव्हती आली. उजवीकडून आली होती. मला रस्ता मोकळा दिसला हो. अगदी मोकळा, कुणीही निवांत ओलांडावा असा.

मी प्रसादला सांगितलं, बाबा मुद्दाम गेले नाहीत. त्यांना टेम्पो दिसलाच नाही. ते दूध घेऊन घरी येत होते. तो दूधवाल्याच्या पायरीवर बसून रडला. त्याच्याही मनात तोच प्रश्न होता, मला सांगितलं नव्हतं. मग त्यानं तिथूनच बाळूमामाला फोन लावून सांगितलं. बाळू मला म्हणाला, "बरं झालं ताई. आता जिवाला तुझ्या शांती."

कसली शांती? टाकून गेलेल्या माणसावर रागावून दिवस काढता येतात. मी काढत होते. सकाळी उठायचं, तुम्हाला शिव्या द्यायच्या, कामाला लागायचं. तेवढा आधार होता. आता तोही गेला. तुम्ही मला टाकून गेलाच नव्हता. तुम्ही घरी यायला निघाला होता, भांडण पुरं करायला, आणि मी आत चहा टाकून बसले होते. आता मी रागावू कुणावर? आणि सकाळी चहा टाकला की दाराकडे बघायचं थांबू कशी?